समरजित वाचत नाही

आधीच सांगून ठेवतो, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. बडोद्याच्या आमच्या तरसालीत ही गोष्ट मी पन्नास जणांना सांगितली, पण शेवटपर्यंत एकही टिकला नाही. एकावन्नावी भक्ती. ती तर ऐकायला खाली बसलीसुद्धा नव्हती.

भक्ती म्हणजे शेजारच्या मोहनाची मुलगी. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला आठ दिवस उरले होते. भर दुपारी, बाहेर डांबर मऊ झालेलं असताना, ती माझ्या घरात दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होती. हातात फिजिक्सचं पुस्तक, पानात बोट, पान सकाळपासून तेच.

"आजोबा, बाबांना तुम्ही सांगा. मी यंदा परीक्षेला बसत नाही."

"का गं?"

"बसवतच नाही म्हणून! पाच मिनिटं बसले की पाय वळवळतात. मग पाणी प्यावंसं वाटतं, मग नखं कापावीशी वाटतात. नखं संपली आता."

"मग तूच सांग की."

"मला ओरडतील. तुमचं ऐकतात. संध्याकाळी आले की सांगायचं, चालो, वचन द्या."

"सांगतो. पण आधी समरजितचं ऐक."

"एक मिनिट. फक्त एक."

मी सुरू झालो.

बारा वर्षांपूर्वी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, तुम्ही राहता त्या घरात पिलाजीराव राहायचे. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात नोकरी, आणि सतरा वर्षांचा एकच मुलगा, समरजित. त्यालाही हीच परीक्षा. तुझी वळवळ काहीच नाही. तो खुर्चीत बसला की खुर्ची चालायला लागायची. तेव्हा नवी नवी केबल आलेली. तो एका चॅनेलवरसुद्धा ठरत नसे. बटणं दाबून दाबून त्याच्या अंगठ्यावरची रेष पुसली गेली होती.

"थापा," भक्ती खिडकीपाशी म्हणाली.

"अंगठा मी स्वतः पाहिलाय."

पिलाजीराव रडकुंडीला आले. मला म्हणाले, "मास्तर, हिच्या माहेरी पत्र टाका. कोणी मोठं माणूस येऊन दम देईल तर देईल." त्यांची बायको मंदाकिनी साताऱ्याकडची. मी तिच्या भावाला, धनाजीरावांना, कार्ड लिहिलं. शब्दन् शब्द आठवतो मला: 'समरजित काही वाचत नाही. दिवसभर तळमळ चालू असते. आईवडिलांनी आशा सोडली आहे. आपण वडीलधाऱ्यांनी एकदा येऊन जावे.'

भक्ती थांबली. "यात काय झालं?"

"तुला काही वाटलं नाही ना? मलाही वाटलं नाही. आपण बडोद्याची माणसं! गुजरातीच्या संगतीनं आपण अभ्यासाला 'वाचणं'च म्हणतो. पोरगं वाचायला बसतं, पोराला वाचायची सुट्टी मिळते. पण साताऱ्यात पोरगं वाचत नाही म्हणजे?"

"अरे बाप रे! मरतंय!"

पाचव्या दिवशी सकाळी अकराला चौदा माणसं फाटकात उतरली. धनाजीराव पुढे, डोक्यावर पांढरा पटका. मागे त्यांची मोठी बहीण गंगाबाई, एका हातात गंगाजलाची बाटली, दुसऱ्या हातात तुळशीची पानं. फाटकापासूनच त्यांनी गळा काढला. आणि समरजित? कंपाउंडच्या भिंतीवर चढून पेरू खात होता. "आलात काय मावशी?" म्हणून त्यानं उडी मारली, आणि गंगाबाईंनी अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली. भूत समजून.

भक्ती हसता हसता टेबलाच्या कडेला टेकली. "मग? तुम्हाला मारलं?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं. मी घाबरत घाबरत अर्थ सांगितला. धनाजीरावांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, 'मास्तर, अख्ख्या गावाला सांगून आलोय भाचा जातोय म्हणून. आता गावात जाऊन काय सांगू, पेरू खात होता? हा वाचल्याशिवाय आम्ही इथून हलायचो नाही.'"

आणि हलले नाहीत! समरजितची खाट मधे, भोवती चौदा जण मांडी घालून, आजाऱ्याभोवती बसावं तसे. एक पुस्तक धरणार, एक वारा घालणार, एक पान उलटणार. गणित सुटलं की गंगाबाई चमचाभर मध चाटवायच्या. समरजित उठला की चौदाही जण उठायचे. संडासला गेला तर दोघं दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "राजा, बरं वाटतंय ना?" त्याची नजर माशीकडे गेली की तिसऱ्या सेकंदाला माशी मेलेली. केबलची वायर काढून धनाजीरावांनी तिच्यावर धोतरं वाळत घातली. गावाला रोज कार्ड जायचं, 'आज अडीच धडे वाचला. धुगधुगी आहे.' उत्तर यायचं, 'देवळात घंटा वाजवली.'

"त्याला राग नाही आला?"

"पहिल्या दिवशी आला. रात्रीतून पळाला, तर स्टेशनच्या रस्त्यावर सात जण आधीच उभे, गोधडी घेऊन. तिसऱ्या दिवशी तो रडला. माझ्याकडे आला, म्हणाला, 'मास्तर, ही माणसं शेती सोडून माझ्यासाठी बसलीत, आणि मला अजून उठावंसंच वाटतंय.' मी म्हटलं, 'वाटू दे. वाटणं बंद व्हायची वाट बघू नकोस. वळवळत वाच.' मग तो वळवळतच बसायला लागला. एक पाय सारखा हलायचा. त्या पायाला धनाजीरावांनी दोरी बांधली आणि तिच्यावर सगळ्यांसाठी पंखा चालवला."

"आजोबा!"

"अगं, गंगाबाईंचं ऐक. अक्षरओळख नाही, पण ऐकून ऐकून सगळी केमिस्ट्री पाठ झाली त्यांची. पिलाजीराव घरी आले की त्यांच्या शर्टाचा वास घेऊन सांगायच्या, 'आज गंधकाचं आम्ल. काल बेंझिन होतं.' शेवटी पंधराव्या दिवशी परीक्षा झाली. निकाल लागला. पोरगा वाचला! चौदा जण वाजतगाजत गावी गेले."

भक्ती आता टेबलाला टेकलेली नव्हती. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती, गुडघा जोरजोरात हलत होता. तिचं एक मिनिट संपून पाऊण तास झाला होता.

"आणि हे सगळं त्या एका कार्डामुळे," मी म्हणालो. "चुकून लिहिलं गेलं हो. माझ्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनी नाही की या शब्दाचा तिकडे असाही अर्थ होतो. आता मी विचार करतोय, तुझ्या मामांना दोन ओळी टाकाव्यात की—"

"साव खोटुं!" ती खुर्चीतून उसळली आणि परत बसली. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. "माशी, पंखा, बेंझिन, सगळं माफ. पण चुकून? आजोबा, माझी आई तुमच्याच वर्गात होती! मराठीच्या वर्गात!"

"हो का? बरीच मुलं होती."

"सातवीत तिला वर्गाबाहेर ओट्यावर उभं केलं होतंत तुम्ही. प्रश्न काय होता, सांगू? 'वाचणे या क्रियापदाचे दोन अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा.' तिनं एकच लिहिला होता! अजून सांगते ती." तिनं फिजिक्सचं पुस्तक मांडीवर उघडलं आणि पहिल्यांदा पान उलटलं. "बाबांना काही सांगायचं नाही. आणि मामाला कार्ड टाकलंत ना, तर तुमची ही चूक मी अख्ख्या तरसालीला सांगेन. मुद्दाम लिहिलं होतंत तुम्ही, मुद्दाम! आता गप्प बसा. मी वाचतेय!"