मीटरच्या खोलीत लपवलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, पत्र्याची. माझ्यावर लाल अक्षरांत लिहिले आहे, 'जागा भाड्याने देणे आहे'. रंगाऱ्याने त्यातला 'ड्या' दोनदा पुसून काढला, तरी तो वाकडा तो वाकडाच.

माझी उमेदीची वर्षे छान गेली. आमच्या चारमजली इमारतीसमोर काचेचा कारखाना होता, तीन पाळ्यांत चालणारा. सकाळी मला खिडकीला टांगले की संध्याकाळपर्यंत जागा बघणाऱ्यांची रीघ लागे आणि दुसऱ्या दिवशी मला उतरवावे लागे. "पाटी पायगुणाची आहे," मालक म्हणत. पत्र्याची असूनही मी फुगून जाई.

मग कारखाना दुसऱ्या गावी हलला. मागोमाग बिऱ्हाडेही गेली. मी महिनोन्‌महिने लटकत राहिले. शेजारच्या खिडक्यांतही पाट्या दिसू लागल्या. सोळा घरांपैकी सात रिकामी झाली.

तेव्हा मालकांनी तिसऱ्या मजल्यावरची जागा विकायला काढली. दलाल आला. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. त्याने पहिले काम काय केले असेल? सातही पाट्या उतरवल्या आणि जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत एकावर एक रचून ठेवल्या.

त्याच दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई जागा बघायला आल्या. पन्नाशी उलटलेली. बरोबर धाकटा भाऊ, वायरमन.

"इथं घर रिकामं राहतच नाही, ताई," गोडबोल्या म्हणाला. "बँकेचं कर्ज काढा. भाडं येईल, त्यातच हप्ता जाईल. तुम्ही नुसतं बसून खायचं."

"आणि भाडेकरू नाही मिळाला तर?" भावाने विचारले.

"शुभ बोला हो!"

जिना उतरल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, थांब जरा. मीटर बघून येतो. घरात कोणी राहतंय की नाही, ते मीटरला बरोबर कळतं."

त्याचा हात कडीवर पडला. मित्रांनो, आत सात मीटरांच्या चकत्या निपचित होत्या. दार उघडले असते, तर त्याला एका नजरेत कळले असते.

"चल रे," ताईंनी हाक मारली. "पाच वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणे. इसाराचे पैसे आजच द्यायला हवेत."

त्याने कडी सोडली. मी नुसती घसरून पडले असते, तरी केवढा खणखणाट झाला असता! पण मी पडले नाही.

ताईंनी आयुष्यभराची पुंजी घातली, उरलेले बँकेकडून घेतले. घर ताब्यात आल्यावर पाटी शोधत त्या स्वतःच मीटरच्या खोलीत आल्या. रचलेल्या पाट्या त्यांनी एकेक करून मोजल्या, सात भरल्या. मग वरची पाटी उचलून त्यांनी हाताने पुसली. ती मी होते.

नऊ महिने मी त्यांच्या खिडकीत होते. त्यातच व्याजाचा दर चढला. अखेर एक भाडेकरू आला, तोही निम्म्या भाड्यात. हप्त्यात भर घालण्यासाठी ताई आता दुपारची विश्रांती सोडून शाळेचे गणवेश शिवतात. कर्जाची मुदत वाढवून घेतली आहे. ते फिटेल, तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या असतील.

मला त्यांनी आपल्या घरी आणले. शिलाईच्या मशिनमागच्या खिडकीची फुटकी काच मी झाकते. परवा भाऊ पंखा दुरुस्त करायला आला होता.

"मी ती कडी काढायलाच हवी होती," तो म्हणाला.

"हाक मीच मारली ना तुला," ताई म्हणाल्या.

दोघेही दोष आपापल्याकडे ओढत राहिले. मी ऐकत होते.

मित्रांनो, मोठेपणी भाड्यासाठी घर घ्याल, तेव्हा रिकाम्या महिन्यांचाही हिशेब मांडा. घाई करणाऱ्याला "उद्या येतो" म्हणून सांगा. पण एक गोष्ट तुम्हांला आजच करता येईल. त्या दुपारी जिन्यात ताईंना इमारतीतले दोन रहिवासी भेटले होते. दोघांनाही सारे ठाऊक होते. दोघांनीही हसून वाट दिली.

मी पत्र्याची होते. तुम्हांला तर तोंड आहे.