शून्यांनी भरलेली कार्डं

सुजयला मुंबईला परत जायचं नव्हतं. बापाने एकदा नुसतं ‘राहा’ म्हटलं असतं, तर त्याने ती नोकरी भाट्याच्या खाडीत सोडून दिली असती. पण रावजी कसला म्हणतोय! जन्मभर आंब्याच्या पेट्या भरल्या, मनातलं मात्र कधी ओठावर आणलं नाही.

गाडी संध्याकाळची होती. जाण्याआधी बागायतदारांच्या हवामान मोजणाऱ्या डब्यांची मेमरी कार्डं भरून द्यायची होती. डबा चालवणारी सगळी सिस्टिम एका भल्यामोठ्या फाइलीत, आणि ती एकेका कार्डावर उतरवायची. सगळी उतरवत बसलं तर चार दिवस सहज गेले असते. पण फाइलीत बरीचशी जागा रिकामीच, नुसती शून्यं. सुजयने ती वगळली, कामाचं तेवढं लिहिलं, आणि जेवणाआधी कार्डं तयार.

“झालीसुद्धा?” रावजीने एक कार्ड उचललं आणि नारळ हलवून बघतात तसं कानाशी हलवलं. “पूर्ण भरलंस ना?”

सुजयने खरं ते सांगितलं. तिथेच फसला.

“म्हणजे वर आंबा नि खाली नुसता पेंढा?” रावजी भडकला. “मेल्या, माझ्या दारातून असली पेटी कधी गेली नाही.”

“बाबा, खाली शून्यंच असतात हो.”

“असूदेत. ती पण घाल.”

तेवढ्यात कार्डं न्यायला बागायतदार विनीतकाका आले. रावजीने त्यांना उंबऱ्यातच अडवलं. “थांब रे, माल अर्धा आहे.” विनीतकाकांनीही कार्ड कानाशी हलवलं. “पोकळ वाटतंय खरं,” ते म्हणाले.

सुजयने कपाळावर हात मारला. “काका, शून्य लिहिलं काय नि न लिहिलं काय, डबा तसाच चालतो.”

“गिऱ्हाइकाला शून्य कबूल केलंस, तर शून्य दे,” रावजी म्हणाला. विनीतकाकांना ते एकदम पटलं.

“बाबा, चार दिवस लागतील. उद्या हजर झालो नाही तर नोकरी जाईल माझी.”

रावजीने मुलाकडे बघितलंच नाही. तो कार्डं सारखी करत राहिला.

“जाऊदे गेली तर. अर्धा माल टाकून जायची आपल्यात रीत नाही. हे झालं की याच्या वरच्या बागेचे डबे. मग गुहागरवाल्यांचे.”

गुहागरवाल्यांनी असले डबे अजून डोळ्यांनी बघितलेसुद्धा नव्हते. विनीतकाकांनाही वरच्या बागेचं आत्ताच कळत होतं. “तेसुद्धा पूर्ण भर हां,” ते गंभीरपणे म्हणाले.

सुजयचे डोळे भरून आले. त्याने पहिलं कार्ड परत लॅपटॉपला लावलं आणि सावकाश शून्यं लिहायला घेतली.