तीस जणांचा दम

सूतगिरणीत हजेरीची कार्डं सांभाळता सांभाळता कारकुनाचे केस पिकले, पण त्याच्याकडे कधी कुणी बोट दाखवलं नव्हतं. म्हणूनच डॉक्टरीणबाई कामगारांचा दम मोजायला आल्या, तेव्हा नऊशेंतून तीस माणसं निवडायचं काम त्याच्याकडे आलं. त्यानं हजर असलेल्यांची कार्डं पिंपात टाकली, ढवळली आणि डोळे मिटून तीस काढली. तिसांनी नळीत फुंकलं. सरासरी चांगली आली.

बाईंनी अहवालात लिहिलं, 'तपासलेल्या तीस जणांची सरासरी.' मॅनेजरनं फळ्यावर लावलं, 'गिरणीतल्या कामगारांचा दम उत्तम.' धूळ ओढणारे पंखे बसवायचं बारगळलं. कारकुनाच्या धाकट्या भावाचा आजारपणाच्या रजेचा अर्जही परत आला. त्यावर शेरा होता: सोमवारी पिंजणखात्यात हजर व्हा, नाहीतर नाव कमी. कापूस पिंजायच्या त्या खात्यात धूळ सगळ्यांत जास्त.

धाकटा तीन उशांना टेकून बसला होता. चार पायऱ्या चढल्या तरी त्याला धाप लागे.

"दादा, पैलवान बरे निवडलेस," तो म्हणाला. "माझं कार्ड होतं का पिंपात?"

"तू घरी होतास. गैरहजरांची कार्डं दुसऱ्या फळीवर असतात."

"किती आहेत?"

"सेहेचाळीस."

"म्हणजे ज्यांना दम नाही, तेवढे सोडून बाकीच्यांचा दम मोजलात."



सकाळी कारकून मॅनेजरपुढे उभा राहिला. "साहेब, तो आकडा तिसांचा आहे. नऊशेंचा किती, ते कुणालाच ठाऊक नाही."

"कार्डं कुणी काढली?"

"मीच."

"लबाडी केलीत?"

"नाही, साहेब."

"मग झालं तर."

शनिवारी त्यानं भावाला बाईंकडे नेलं. भावानं जीव खाऊन फुंकलं, काटा जेमतेम हलला. बाईंनी आकडा लिहून घेतला.

"दाखला देते. पण मॅनेजर म्हणतील, याचंच दुखणं, गिरणीचा काय दोष. आणि एकट्याच्या आकड्यावरून मलाही गिरणीचं सांगता यायचं नाही. घरी बसलेत त्यांना आणा, मग नवा अहवाल लिहीन."

रविवारी कारकून सेहेचाळीस जणांची यादी घेऊन निघाला. पहिलं दार एका बाईनं उघडलं.

"मालक आहेत का? जरा नळीत फुंकायला न्यायचं होतं त्यांना."

"आता कोण फुंकणार, भाऊ? मागल्या आठवड्यात गेले ते."

यादीतलं दुसरं घर त्याच गल्लीत होतं. ते कुठलं, हेही त्याला तिलाच विचारावं लागलं.