माशांना घातलेली पंगत

आमच्या तलावातले मासे मला ओळखतात, असं मी यंदाच्या मे महिन्यात गावभर सांगत सुटलो होतो. दिग्रसच्या डॉक्टरांनी साखरेपायी चालायला सांगितलं, तेव्हापासून मी पहाटे तलावाच्या पाळीवर फेऱ्या मारतो. मी आलो की शेकडो मासे वर येऊन तोंडं उघडत. रोहू, कटला, मृगळ, सगळे. मी कणकेच्या गोळ्या टाकायचो. ते खात मात्र फारसे नसत. लाजत असतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

मी पुंडलिकराव. वय एकाहत्तर, स्वभाव तापट. पण यंदा माझ्यापेक्षा ऊन तापट निघालं. पारा सेहेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. गेल्या पावसाळ्यात तलाव अर्धाच भरला होता, त्यातलंही पाणी आटत आटत मधोमध गोळा झालं होतं. एरवी म्हशी डुंबतात तिथे भेगा पडल्या होत्या.

मासे नंदाबाईचे. म्हणजे पलीकडच्या तांड्यातल्या पाच बायांच्या गटाचे, पण खरी आई तीच. गेल्या पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं आणून सोडली ती तिनं, आणि वाढवलीही तिनंच. आजवर तलाव बाबूसिंगच्या मंडळीकडे असायचा. या वेळी ग्रामपंचायतीनं तो एक वर्ष बायांना देऊन पाहिला होता. जमलं तर पुढे त्यांचाच, नाही जमलं तर परत बाबूसिंगकडे. नंदाबाईचा सगळा जीव त्या पाण्यात होता.

अशा उन्हात माझ्या नातीचं, प्रेरणाचं लग्न निघालं. वरपक्ष मारेगावचा. मी हौसेनं हजार माणसांचा स्वयंपाक सांगितला, आणि पाहुण्यांनी मठ्ठा पिऊन कूलरसमोर लोळण घेतली. नवरदेवाला तर दोनदा कांद्याचा वास द्यावा लागला. पोरीची पाठवणी दुसऱ्या दिवशी सकाळी, जरा गारव्यात करायचं ठरलं. भात, बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी, सगळं उरलं. घमेलीच्या घमेली! अन्न उकिरड्यावर टाकणं मला खपत नाही. दिवस कलताना सगळं ट्रॉलीत घातलं, तलावावर नेलं आणि ओतलं. "जेवा रे बाबांनो, आपल्या प्रेरणाचं लग्न आहे," असंही वर म्हणालो. पुण्याचं काम केल्याच्या तोऱ्यात घरी आलो.

सकाळी पाचला तलावाकडून आरडाओरडा ऐकू आला. मी धावलो, माझ्यामागे व्याही, व्याह्यांमागे अर्धी वरात. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. जे जिवंत होते ते तोंड वर काढून हपापल्यासारखे करत होते. नंदाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळीनं भात काढत होती. जाळीत बुंदी आली. तिनं ती पाहिली, मग मला पाहिलं, आणि बाहेर येऊन हळू आवाजात विचारलं, "आबाजी, हे बुंदी तुमच्या घरची होय?"

"भुकेले होते ते," मी म्हणालो. "रोज तोंड उघडून मागून राह्यले होते."

"भूक नव्हती लागली त्याइले. दम लागला होता." ती म्हणाली. "पाणी तापलं का त्यातली हवा कमी होते. पहाटे त लयच कमी. म्हणून वर येऊन धापा टाकून राह्यले होते. अन् तुमचा भात सडला, त्यानं उरलीसुरली हवा बी खाल्ली."

मी रोज ज्याला नमस्कार समजत होतो, ती त्यांची तडफड होती.

तेवढ्यात सरपंच आले, बाबूसिंगही आला. "बायांच्या हाती तलाव देला, मंग दुसरं काय होईन!" बाबूसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"नंदाबाई, काय झालं हे?" सरपंचांनी विचारलं.

नंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या व्याह्यांकडे पाहिलं. लग्नघर, पोरगी अजून पाठवायची. "काई नाही. पाणी लय तापलं," एवढंच ती म्हणाली.

एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती. खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली, की कान तापले.

"सरपंच, थांबा!" मी ओरडलो. "हा उद्योग माझा हाय. ट्रॉलीभर जेवण मीच ओतलं काल. हिचा काईच दोष नाही."

व्याह्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आता सोयरीक तुटते की काय, असं मला वाटलं.

"मंग उभे काहून हा, पाव्हणे?" व्याही म्हणाले. "बाई, उपाय काय ते सांगा."

"पाणी वर उडवा लागते," नंदाबाई म्हणाली. "हवेतून खाली पडलं का हवा घेऊन पडते. मोटर हाय माह्याजवळ, पण रातपासून लाईन नाही."

लाईन नव्हती, पण माझ्या अंगणात डीजेचा जनरेटर उभा होता! जनरेटरवाला गुलाबसिंग मांडवात घोरत होता. त्याला उठवून, चहा न देता, जनरेटरसकट पाळीवर आणलं. हरभऱ्याला वापरतो ते स्प्रिंकलरचे पाईप घराघरातून निघाले. मेहंदीच्या हातांनी करवल्यांनी नोझल आवळले. वाढपी मंडळी झारे घेऊन काठावरचा भात उपसायला लागली. मोटर सुरू झाली आणि दहा ठिकाणांहून पाणी उडालं, निम्मं तलावात, निम्मं वरातीवर. काल जे उन्हानं मलूल पडले होते, ते आज ओले होऊन नाचायला लागले. नवरदेव फेट्यासकट भिजला. गुलाबसिंग म्हणाला, "डीजे पण लावू का, काका?" मी त्याला फक्त शिवी द्यायची बाकी ठेवली.

नऊ वाजेपर्यंत मासे खाली गेले. मेलेले शंभराच्या आत होते. बाकीचे हजारो वाचले. आता पाऊस येईपर्यंत रोज पहाटे असंच पाणी उडवायचं, असं नंदाबाईनं बजावलं. पहिली पाळी मी मागून घेतली.

"बरं, पण तलावाचं पुढच्या सालचं काय?" सरपंचांनी बाबूसिंगकडे पाहून विचारलं. गर्दीत मला दिसलंच नव्हतं, बाबूसिंग कधीपासून पाण्यात उतरून मोटरचा पाईप धरून उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत चिंब.

"मले कायले इचारता?" तो म्हणाला. "मी असतो त मेलेले मोजले असते अन् घरी गेलो असतो. राहू द्या तिच्याचजवळ."

नंदाबाई मटकन पाळीवर बसली आणि ढसाढसा रडली. रडता रडता हसत होती. मीही रडलो. पण अंगावर पाणी उडत होतं, त्यामुळे व्याह्यांना ते कळलं नाही.