लॉकवालं डिफरन्शियल

मोहोळच्या अलीकडे ट्रकच्या मागच्या धुऱ्यातून दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि गाडी उभी राहिली. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाकं हलायला तयार नाहीत. हैदराबाद-पुणे करण्यात ज्याचे केस पांढरे झाले, त्याला हे कशाचं दुखणं हे वेगळं सांगावं लागत नाही. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी, गेलं होतं. दुसऱ्या ट्रकला साखळीने बांधून गाडी सोलापुरात संगप्पाच्या गॅरेजात आणली. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसण्याइतकं लाजिरवाणं काम दुसरं नाही. रिक्षावालेसुद्धा वळून बघतात.

संगप्पा आमच्या होटगीचाच. त्याने सगळं खोलून मोडके दात दाखवले आणि हे आता बदलावंच लागेल म्हणाला. बसवण्यासारखी दोन होती. एक रोडचं. त्याने गाडी हायवेला पळते, डिझेल कमी पिते, पण रानात फसली की एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं गंमत बघत बसतं. दुसरं लॉकवालं. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि भरलेली गाडी चिखलातून बाहेर येते. हायवेला मात्र ते रडतखडत चालतं.

"आदी सांग, गाडी कुटं चालवायची हाय," संगप्पा म्हणाला.

मी तिथंच टायरवर बसलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता.

घरी माझी बायको, शिवलीला. मुलगी लग्न होऊन लातूरला गेली, तेव्हापासून घरात ती एकटीच. मी निघालो की दर खेपेला दारात उभी राहून ती एकच म्हणायची, "आता बास करा की." मी हो हो म्हणायचो आणि स्टार्टर मारायचो. पण आमच्या लाइनचा एक रिवाज आहे. ढाब्यावर गाडी लावली की ताटाला हात लावण्याआधी घरी फोन करायचा. उमरगा असो नाहीतर इंदापूर, मी फोन लावायचो आणि अख्खी होटगी माझ्या कानात उतरायची. शेजारच्या काशम्माची म्हैस, रेल्वे फाटकावरचं भांडण, कोणाच्या सुनेने काय उत्तर दिलं. रागाचं कन्नडमध्ये, बाकीचं मराठीत. डाळ गार व्हायची, ढाब्यावरचा पोरगा दोनदा विचारून जायचा, तरी माझा फोन चालूच. मला वाटायचं, फोनवर एवढं आहे तर घरी किती असेल.

मी संगप्पाला म्हणालो, लॉकवालं बसव. आता जवळच्या रानातला ऊस ओढतो, संध्याकाळी गाडी कारखान्याच्या रांगेत लावतो आणि घरी जेवतो. हंगाम संपला की दगड-मुरूम आहेच. घरात विचारलंस का, असं त्याने विचारलं. मी हसलो. जी जन्मभर हेच मागत आली, तिला काय विचारायचं?

पहिले आठ दिवस सणासारखे गेले. गरम भाकरी, वर लोणी, शेजारी शेंगाचटणी. ती वाढायची, मी खायचो. मग बोलायचं संपलं. काशम्माची म्हैस ती सांगायच्या आधी मीच बघून आलेलो असायचो. मी कॉटवर बसून भिंतीकडे बघायचो आणि ती घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. संध्याकाळी तिच्याकडे चार बायका येऊन बसायच्या म्हणे. घरात गडीमाणूस आहे म्हटल्यावर त्या यायच्या बंद झाल्या. मला हे कळलं तेसुद्धा काशम्माकडून, तेही टोमण्यात.

एकदा रानातून डांबरीवर आलो आणि घाईत लॉक सोडायचं विसरलो. वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच गेली, कॅनॉलच्या काठाला जाऊन टेकली. संगप्पाने शेलक्या शब्दांत आरती ओवाळली. चिखल संपला की सोडायचं असतंय, वळणावर भाईरच्या चाकाला जास्त पळायचं असतंय, आतल्याला कमी, बांधून ठेवलं तर धुरा मोडंल, असं बरंच काही. जेवताना मी ही सगळी हकिकत शिवलीलाला सांगितली.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय, न्हाय वळली."

तिने भाकरी वाढली. फोनवर हीच गोष्ट तासभर पुरली असती. मरता मरता वाचलो म्हणून ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, सिद्धरामेश्वराला नारळ बोलली असती. त्या रात्री मला इतकं एकटं वाटलं, जितकं कुठल्याही ढाब्यावर कधी वाटलं नव्हतं. आणि ती तर हातभर अंतरावर होती.

हंगाम संपला. दगडाच्या खाणीवर बोलणी करून मी घरी आलो आणि उद्यापासून तिकडे जातो म्हणून सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडीला पयलं होतं तसलं बसवून घ्या."

मी का म्हणून विचारलं.

"तुमी भाईर असला की माज्याशी बोलता. घरात दोगं असून मी एकटीच हाय. आदी निदान संध्याकाळच्या फोनची वाट तरी बघत होते."

माझंही तसंच होतंय, एवढं तरी सांगायला हवं होतं. समोर बसून तेही मला जमलं नाही.

संगप्पाने रोडचं बसवून दिलं. शिवलीलाने आठवडाभर पुरतील एवढ्या कडक भाकरी थापल्या, पिशवी केबिनमध्ये स्वतः चढून ठेवली. दारात उभी राहिली, पण या खेपेला बास करा म्हणाली नाही.

संध्याकाळी उमरग्याच्या पुढे ढाब्यावर गाडी लावली आणि फोन केला. एका रिंगमध्ये तिने उचलला. बायका जमल्या होत्या, मागे त्यांचा गलका ऐकू येत होता. त्यांना गप्प बसवून ती सुरू झाली. काशम्माच्या म्हशीने कोणाच्या तरी वाळत घातलेल्या धोतराचा निम्मा काष्टा खाल्ला होता. सांगता सांगता तिला हसू आवरेना. श्वास घ्यायला थांबायची आणि पुन्हा हसायची. मीही हसत होतो, डोळे पुसत होतो, ढाब्यावरचे लोक बघत होते. आणि मनात एकच येत होतं, ती हसताना दिसते कशी? अख्खा हंगाम मी तिच्यासमोर बसून होतो, पण ते हसणं मी एकदाही बघितलं नव्हतं.