हीरालालभाऊंनी न केलेलं मृत्युपत्र

दोंडाईच्याच्या हीरालालभाऊंकडे अशुभ बोलायची सक्त मनाई. संध्याकाळी कापडाचं दुकान 'बंद' करायचं नाही, 'वाढवायचं'! तिथे मृत्युपत्राचा विषय कोण काढणार?

गल्लीतल्या भूमिका वकिलीणबाईंनी एकदा काढला. "भाऊ, प्रियल ही आपल्या भाभींच्या बहिणीची मुलगी. आईबाप गेल्यावर तुम्ही वाढवली, पण रीतसर दत्तक घेतली नाही. भाभी गेल्या, तुम्हाला मूलबाळ नाही. तुमच्यामागे हे घर कायद्याने तुमच्या पुतण्याला, हितेंद्रला जाईल. प्रियलच्या नावे मृत्युपत्र करा."

"शुभ शुभ बोल गं!" शेजारच्या धापूबाई कडाडल्या.

भाऊ मात्र खो खो हसले. "अगं, बठ्ठा गावले माहीत शे, प्रियल मन्ही पोर शे! कागद कशाला?"

गावाला माहीत होतं हो. कायद्याला कोण सांगणार?

आणि एका सकाळी गल्ल्यावर बसल्याबसल्या भाऊंना लकवा मारला. धुळ्याच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा उजवा हात गेला होता, डावा वळत नव्हता, वाचाही गेली होती. समजत मात्र सगळं होतं!

हितेंद्र भेटायला आला, पाया पडला. "काका, घराचं टेन्शन घेऊ नका. गिऱ्हाईक बघून ठेवलंय." पेज भरवणाऱ्या प्रियलचा हात थांबला.

भूमिका धावत आली. "भाऊ, घर प्रियलला?" भाऊंनी सगळा जीव एकवटला; मान नुसतीच लटपटली. "हितेंद्रला?" पुन्हा तशीच लटपटली. डॉक्टर हळहळले, "यांना समजतंय, असं मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?"

अरे, समजतंय रे मला! भाऊ आतल्या आत ओरडले. ओठांतून फक्त लाळ गळली. प्रियलने ती पुसली. "पप्पा, मला काही नको. तुम्ही बरे व्हा."

दारात उभ्या धापूबाईंना हुंदका आवरेना. "भूमिका, माझं आजच लिहून घे बाई! जीभ चालतेय तोवर."

मंडळी, मृत्युपत्र केल्याने कुणी मरत नाही. पण जी माणसं रक्ताने किंवा कागदाने आपली नाहीत, नुसती जिवाने आपली आहेत, त्यांना कायदा ओळखत नाही. त्यांच्यासाठी आपणच लिहून ठेवायचं, हातीपायी धड असताना!

हीरालालभाऊ अजून आहेत. प्रियल रोज विचारते, "पप्पा, काही सांगायचंय का?"

भाऊ तिच्याकडे बघत राहतात.