थंड नळीतले शिखर

आलेखावर ८.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी शिखर उभे राहिले, तेव्हा डॉ. मृत्युंजय खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले. गणिताने वर्तवलेला आकडा हाच होता. त्यांची विद्यार्थिनी स्वप्नाली मात्र जागची हलली नाही.

नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत तिचे चार वर्षे एकच काम चालले होते. तापवलेल्या क्वार्ट्झच्या नळीतून एका द्रवाची वाफ सोडायची. उष्णतेने ती फुटून गंधकाचा एक रेणू जन्मतो आणि भिंतीला टेकेपर्यंतच जगतो. तेवढ्यात त्याच्यावर हीलियमच्या दिव्याचा प्रकाश टाकायचा, सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायची आणि ती प्रकाशाच्या ऊर्जेतून वजा करायची. उरते ती आयनीकरण ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्यासाठी रेणूने घेतलेली किंमत. या रेणूची ती अजून कुणी मोजली नव्हती. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण त्या आकड्यावर अडले होते, आणि शनिवारी लातूरला, स्वतःच्या जुन्या महाविद्यालयात, तिला तो जाहीर करायचा होता.

"द्रवाचा व्हॉल्व्ह बंद केला की शिखर जातं, उघडला की येतं," सर म्हणाले. "आणखी काय पाहिजे तुला?"

"भट्टी बंद करून एकदा बघू, सर. थंड नळीत रेणू जन्मणारच नाही. मग शिखरही नसायला हवं."

"चार थेंब उरलेत. पुढचे यायला वर्ष उलटेल, आणि तुझी मुदत डिसेंबरात संपतेय."

"म्हणूनच म्हणते."

"शोभतेस खरी गुरुबसप्पांची लेक. पोत्यात हात घातल्याशिवाय सौदा नाही."

"बाबांच्या धान्याच्या आडतीवर तेवढंच शिकवतात, सर."

सर हसले. नको मात्र म्हणाले नाहीत.

नळी थंड होऊ दिली आणि उरलेले थेंब त्या एका फेरीत खर्ची पडले. शिखर जागच्या जागी होते.

प्रयोगशाळेतला मदतनीस भागवत मागून डोकावला. "मॅडम, भट्टी तर बंद हाय. मंग हे काय करून राहिलं वर?"

"तेच बघायचंय," ती म्हणाली.

पंप थांबवून तिने व्हॉल्व्हच्या अलीकडचा, द्रवाच्या बाजूचा सांधा उघडला. पुढे कोणत्याही यंत्राची गरज उरली नाही. कापराचा वास सर्वांनाच आला.

खंडेनवमीला पंपांना हळदकुंकू लागले होते. नळी बदलायची असल्याने त्या दिवशी हा सांधा उघडाच होता. पूजा विज्ञानाच्या आड येते असे कुणाला वाटले नव्हते. आरतीला टाळ्या स्वप्नालीनेही वाजवल्या होत्या.

"ताट म्या आणलं," भागवत छताकडे बघत म्हणाला. "कापूर चुरून ह्या सांध्यापाशी ठिवला तो सरांनी."

स्वप्नालीने आधी मोजलेल्या आयनीकरण ऊर्जांचा तक्ता काढला. कापूर, ८.७६. त्यांच्या यंत्राला तो आणि ८.८ वेगळे सांगता येत नव्हते.

"हा आकडा कुणी मोजलाय?" सरांनी विचारले.

"माझ्या जन्माआधीच."

"म्हणजे आपण तो बरोबर मोजला."

"हाव, सर. फार चांगला मोजला."

सरांनी तक्ता मिटला. "लातूरचं पुढं ढकलतो."

"नको. दोन्ही आलेख दाखवते. रेणू दिसला नाही म्हणून सांगते."

"मग 'बाह्य दूषण' म्हण. कापूर म्हणू नको."

"कसलं दूषण, ते विचारतीलच."

"त्यांना काही वास येणार नाही."

"मला येतो, सर."

शनिवारी तिने तापल्या नळीचा आलेख दाखवला, त्यावर थंड नळीचा ठेवला आणि कापूर हा शब्द उच्चारला. सभागृहात थोडी खसखस पिकली. मागच्या रांगेतून एका प्राध्यापकांनी विचारले, "पण कापूर आत गेलाच कसा?"

स्वप्नाली शब्द जुळवत होती. पहिल्या रांगेत डॉ. मृत्युंजय उभे राहिले.

"माझ्या हातून गेला," ते म्हणाले. "पूजेच्या वेळी. पुढचा प्रश्न?"

परतीच्या बसने अहमदपूर मागे टाकले.

"प्रकरणात काय लिहिशील?" सरांनी विचारले.

"आधी थंड नळी. मग, ऊर्जा मोजता आली नाही."

"परीक्षक परत पाठवतील कदाचित."

"पाठवू देत."

"बरं," सर म्हणाले. "सोमवारी आण. सही करतो."